तीच वस्तू की नवी? ऑब्जेक्ट डेटाबेसवर व्ह्यू बसवतानाचं एक प्रकरण

"काल संध्याकाळी बेअरिंगच्या सहा पुरवठादारांपुढे मी शेरे लिहून ठेवले होते. आज एकही दिसत नाहीये. रात्री तुम्ही काही पुसलंत का?"

खरेदी विभागातल्या मॅडमचा फोन होता. आम्ही काहीच पुसलं नव्हतं. लॉग काढून पाहिला तर सहाही शेरे डेटाबेसमध्ये जागच्या जागी होते. पण ते ज्या वस्तूंना चिकटवले होते त्या वस्तू रात्रीतून गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी हुबेहूब तशाच सहा नव्या वस्तू येऊन बसल्या होत्या. मॅडमना पडद्यावर फरक दिसणं शक्यच नव्हतं. तेच नाव, तोच दर, तोच पार्ट. फक्त ओआयडी, म्हणजे डेटाबेसने वस्तूला दिलेला ओळखक्रमांक, वेगळा.

तोवर आमचा समज असा होता की व्ह्यू, म्हणजे मूळ माहिती न हलवता ती हवी तशी दाखवणारी खिडकी, हे जुनं, पाठ झालेलं काम आहे आणि अवघड काही असेल तर ते अपडेटमध्ये असेल.

मांडणी काय होती

यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या सुट्या भागांची सगळी माहिती एका ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये होती, म्हणजे टेबलांऐवजी वस्तू (ऑब्जेक्ट) साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये. चाळीसेक क्लास, म्हणजे वस्तूंचे प्रकार. मधोमध 'पार्ट'. त्याचे सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, 'खरेदीचा पार्ट' आणि 'घरचा पार्ट'. 'असेंब्ली' हाही पार्टच, फक्त पोटात इतर पार्टची यादी बाळगणारा. पार्टकडून ड्रॉइंगकडे, ड्रॉइंगकडून असेंब्लीकडे, असेंब्लीकडून फिरून पार्टकडे असे पॉइंटर, म्हणजे एका वस्तूतून दुसरीकडे नेणारे दुवे. डिझाइनवाल्यांनी ही रचना स्वतःपुरती केली होती आणि त्यांचं तीत उत्तम चाललं होतं. पुढे खरेदी आणि सर्व्हिस या दोन विभागांना तीच माहिती हवी झाली, पण आपापल्या पद्धतीने. आम्हा चौघांकडे काम आलं ते एका वाक्यात: "टेबलांवर व्ह्यू करतात ना, तसे यावर करून द्या."

'तसे' या शब्दातच सगळी गोम होती.

टेबलांच्या जगात व्ह्यू म्हणजे नाव दिलेली क्वेरी, डेटाबेसला विचारायचा प्रश्न. टेबलावर क्वेरी चालवली की टेबलच मिळतं, म्हणून व्ह्यूवर पुन्हा व्ह्यू रचता येतो. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात १९७० च्या दशकाच्या मध्यावर हे प्रत्यक्ष चालायला लागलं. त्याच सुमारास, १९७५ साली, एएनएसआय–स्पार्क या अमेरिकी मानक समितीच्या अहवालाने डेटाबेसचे तीन थर सांगितले आणि वापरणाऱ्याला दिसणारा थर वेगळा काढला. अपडेटची डोकेदुखी तिथेही होतीच. बान्सिलोन आणि स्पिराटोस या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं की व्ह्यूमधला बदल खाली कसा उतरवायचा हे ठरवायचं तर व्ह्यूत न दिसणारं काय काय जसंच्या तसं राहायला हवं, हेही सांगावं लागतं. टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडने १९८५ च्या आपल्या बारा नियमांत 'जे व्ह्यू तत्त्वतः बदलता येतात ते सगळे सिस्टिमलाही बदलता आले पाहिजेत' असं लिहून ठेवलं. आजवर कुठल्याही उत्पादनाने तो नियम पूर्णपणे पाळलेला मला तरी आढळलेला नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक सवलत होती. टेबलातल्या ओळीला तिच्या किमतींपलीकडे (म्हणजे रकान्यांत भरलेल्या व्हॅल्यूंपलीकडे, पैशांतली किंमत नव्हे) काही ओळख नसते. व्ह्यूमधून आलेली ओळ 'तीच' का 'नवी', हा प्रश्न विचारायलाच कोणी जात नाही. ऑब्जेक्टचं तसं नाही. १९८६ साली खोशाफियन आणि कोपलँड यांनी ऑब्जेक्टची ओळख हा विषय नीट मांडला तेव्हा मुद्दाच हा होता: सगळी अ‍ॅट्रिब्यूट (म्हणजे त्याचे नोंदलेले गुणधर्म) बदलली तरी ऑब्जेक्ट तोच राहतो, आणि सगळी अ‍ॅट्रिब्यूट सारखी असली तरी दोन ऑब्जेक्ट दोनच राहतात. आता यावर क्वेरी चालवली की जे बाहेर येतं ते काय? जुने ऑब्जेक्ट, नवे ऑब्जेक्ट, की नुसत्या किमतींचे पुंजके?

डिसेंबर १९८९ मध्ये क्योटोला सहा जणांनी ऑब्जेक्ट डेटाबेसचा जाहीरनामा वाचला. त्यात सक्तीच्या गोष्टींची यादी होती, ऐच्छिक गोष्टींची होती, आणि ज्यांवर लेखकांचं एकमत झालं नाही अशा काही गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या. व्ह्यू त्या तिसऱ्या टोपलीत. लेखकांत बान्सिलोनही होते, म्हणजे व्ह्यूवर आयुष्यातली काही वर्षं घालवलेला माणूस. पुढच्याच वर्षी स्टोनब्रेकर आणि मंडळींनी प्रतिजाहीरनामा काढून बदलता येणारे व्ह्यू अत्यावश्यक असल्याचं ठणकावलं. हा इतिहास मी कामाला लागण्याआधी वाचला असता तर 'तसे करून द्या' ला इतक्या पटकन मान डोलावली नसती.

किंमत तिसऱ्या क्लिकवर

सर्व्हिसची मागणी सगळ्यात साधी. पार्टचं नाव, क्रमांक, ड्रॉइंग आणि तो कुठल्या असेंब्लीत बसतो एवढं दिसावं. उत्पादनखर्च आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिसू नयेत. आम्ही 'सर्व्हिस-पार्ट' नावाचा व्ह्यू-क्लास केला, दोन अ‍ॅट्रिब्यूट झाकली, अर्ध्या दिवसात मोकळे.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच एकाने सर्व्हिसच्या लॉगिनने एक वॉशर उघडला. वॉशरवरून 'बसतो कुठे' वर क्लिक, पंपाची असेंब्ली उघडली. असेंब्लीतून भागांची यादी. यादीतून पुन्हा तोच वॉशर. आणि या वेळी त्याच्या शेजारी उत्पादनखर्च ठळक अक्षरांत.

दार लावलं होतं, पण घराला वळसा घालून मागच्या दाराने आत येता येत होतं. 'सर्व्हिस-पार्ट' मधल्या 'बसतो कुठे' चा टाइप मूळ 'असेंब्ली' हाच राहिला होता. तिथे पाऊल टाकलं की माणूस व्ह्यूच्या बाहेर, डिझाइनवाल्यांच्या मूळ स्कीमात, म्हणजे क्लासच्या आराखड्यात. टेबलांत हे होत नाही, कारण तिथे परकी की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा निर्देश करणारी फॉरिन की) म्हणजे नुसता आकडा. त्यावरून पुढे जायला पुन्हा जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) लिहावा लागतो, आणि त्या टेबलावरचा हक्क पुन्हा तपासला जातो. ऑब्जेक्टमध्ये पॉइंटरच रस्ता असतो.

यावरून पहिला पक्का नियम झाला: व्ह्यू-क्लास सुटा करायचा नाही, पूर्ण व्ह्यू-स्कीमा करायचा आणि तो बंदिस्त असला पाहिजे. रुंडेनस्टाइनर यांच्या १९९२ च्या मल्टिव्ह्यू पद्धतीत हीच अट आहे, आम्ही ती ठेच लागल्यावर शिकलो. व्याख्या नोंदवतानाच एक तपासनीस चालतो. प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचा टाइप, प्रत्येक मेथडचे (ऑब्जेक्टवर चालणाऱ्या कोडचे) पॅरामीटर आणि परत येणारी किंमत यांवरून तो चालत जातो, आणि एखादा रस्ता व्ह्यूबाहेरच्या क्लासकडे निघाला की व्याख्या नाकारतो. नुसतं नाकारत नाही, रस्ता छापतो: 'सर्व्हिस-पार्ट, बसतो कुठे, असेंब्ली, भाग, पार्ट'. त्या एका छापील ओळीने नंतर आमचे कितीतरी वाद वाचवले.

बंदिस्तपणाची किंमतही लगेच कळली. पाच क्लासचा सर्व्हिस-व्ह्यू पॉइंटरांच्या मागे जात जात एकोणीस क्लासचा झाला. प्रत्येक नवा क्लास आणखी दोघांचा हात धरून आणायचा. शेवटी काही रस्ते जाणूनबुजून तोडले. ड्रॉइंगवरून ते काढणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ऑब्जेक्टकडे जाणारा पॉइंटर काढला आणि तिथे नुसतं नाव ठेवलं. सर्व्हिसला त्या कर्मचाऱ्याचं काय करायचं होतं!

मेथडची भानगड याहून चिवट होती. 'पार्ट' वर 'लेबल' नावाची मेथड होती, ती आतून 'नाव' ला हाक मारायची. सर्व्हिसवाल्यांना पार्टची नावं त्यांच्या बोलीतली हवी होती, म्हणून व्ह्यूमध्ये आम्ही 'नाव' ओव्हरराइड केलं, म्हणजे त्याच्या जागी आमचं लिहिलं. आता व्ह्यूमधून 'लेबल' मागितलं तर कोणतं नाव यावं? लेट बाइंडिंगच्या (कोणता कोड चालवायचा हे हाक आल्यावरच ठरवायच्या) सवयीने विचार केला तर सर्व्हिसचं. पण 'लेबल' लिहिणाऱ्याने जेव्हा ते लिहिलं तेव्हा हा व्ह्यू जन्मालाही आला नव्हता, आणि त्याच मेथडच्या आत पुढे नावावरून ड्रॉइंगची फाइल शोधली जात होती. सर्व्हिसच्या बोलीतल्या नावाची फाइल कशी सापडणार? आम्ही ठरवलं की मूळ क्लासचा कोड मूळ क्लासच्या जगातच चालेल. व्ह्यूचं ओव्हरराइड फक्त बाहेरून आलेल्या हाकेला लागू. लेबल व्ह्यूतही वेगळं हवं असेल तर 'लेबल' सुद्धा व्ह्यूत पुन्हा लिहा. थोडं जास्त टंकन, पण तीन महिन्यांनी कोणी रडत येत नाही. झाकलेल्या अ‍ॅट्रिब्यूटचंही तेच: 'विक्रीदर' ही मेथड उत्पादनखर्च वाचते, सर्व्हिसला विक्रीदर दिसतो, खर्च दिसत नाही, आणि मेथड आत काय वाचते यात व्ह्यू नाक खुपसत नाही. एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे आतला कारभार झाकण्याचा, इतका सरळ फायदा एरवी क्वचितच मिळतो.

झाडावर कुठे टांगायचं

व्ह्यू-क्लास तयार झाला की तो क्लासच्या झाडात कुठे बसतो हे विचारावं लागतं. निवड केली (बंद होत आलेलेच पार्ट) तर ऑब्जेक्ट कमी झाले, म्हणून सबक्लास. अ‍ॅट्रिब्यूट झाकली तर गुणधर्म कमी, म्हणजे वर्णन ढिलं झालं, म्हणून सुपरक्लास, म्हणजे वरचा प्रकार. दोन्ही एकदम केलं तर? ऑब्जेक्टच्या संख्येने तो 'पार्ट' च्या खाली आणि टाइपने 'पार्ट' च्या वर. झाड एकच असेल तर त्याला जागाच नाही.

आमची पहिली आवृत्ती अशी वर्गवारी आपोआप करायची. मध्ये जागा नसेल तिथे ती एक मधला क्लास तयार करून घुसवायची आणि त्याला स्वतःच्या मर्जीने नाव द्यायची. पंधरा दिवसांत डिझाइनवाल्यांच्या ब्राउझरमध्ये 'पार्ट_उणे_२' आणि 'पार्ट_उणे_२_उणे_१' अशी मंडळी नांदायला लागली. त्यांनी काही बोलण्याआधीच आम्ही ती बंद केली.

शिवाय आपोआप वर्गवारीला एक टणक भिंत आहे. एका क्वेरीचं उत्तर दुसरीच्या उत्तरात नेहमीच सामावतं का, हे पुरेशा ताकदीच्या क्वेरी-भाषेसाठी कोणताही प्रोग्रॅम सर्व बाबतींत ठरवू शकत नाही. मग यंत्राने अंदाजाने ठरवण्यापेक्षा माणसाने सांगितलेलं बरं. आम्ही दोन नाती वेगळी केली: टाइपचं नातं आणि सदस्यत्वाचं नातं. स्वित्झर्लंडमध्ये शोल आणि सहकाऱ्यांनी कोकून मॉडेलमध्ये टाइप आणि क्लास असेच वेगळे ठेवले होते. टाइपचं नातं तपासनीस स्वतः काढतो, ते सोपं आहे. सदस्यत्वाचं नातं व्याख्या लिहिणारा जाहीर करतो. डिझाइनवाल्यांच्या झाडाला हात लागत नाही. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. हे केलं आणि तो विषय मिटला.

पुरवठाजोडी

खरेदीची मागणी मात्र वेगळ्याच जातीची निघाली.

डेटाबेसमध्ये 'कोटेशन' चे ऑब्जेक्ट होते. प्रत्येकात एक पार्ट, एक पुरवठादार, तारीख, दर आणि माल यायला लागणारे दिवस. एकाच पुरवठादाराने एकाच पार्टसाठी वेळोवेळी दिलेली कोटेशनं पाचसहा असायची. खरेदीला कोटेशनं नको होती. त्यांच्या डोक्यात वस्तू होती ती 'हा पार्ट, या पुरवठादाराकडून'. तिला त्यांचा शब्दही होता: जोडी. "ती जोडी सध्या बंद ठेवा," असं ते सहज बोलायचे. स्कीमात मात्र जोडी नावाचं काहीच नव्हतं.

म्हणजे इथे व्ह्यूने असे ऑब्जेक्ट द्यायचे होते जे खाली अस्तित्वात नाहीत. सर्व्हिस-पार्ट हा मूळ पार्टच होता, वेगळ्या कपड्यांत. त्याचा ओआयडी तोच. जोडीला ओआयडी द्यायचा कोणी? आमच्या पहिल्या आवृत्तीत क्वेरी चालली की कोटेशनं जोडीवार गोळा व्हायची, प्रत्येक गटाला नवा ऑब्जेक्ट मिळायचा. वेग यावा म्हणून निकाल साठवून ठेवायचो आणि रोज रात्री ताजा करायचो. चाचण्या सगळ्या पास, कारण चाचण्या किमती तपासत होत्या. ओळख एकही चाचणी तपासत नव्हती.

आणि मग खरेदीवाल्यांनी जोडीवर शेरे लिहायची सोय मागितली, आम्ही आनंदाने दिली, आणि दुसऱ्या सकाळी तो फोन आला.

यावरचा इलाज अबितबूल आणि बॉनर यांनी १९९१ सालीच, ओटू या फ्रेंच सिस्टिमच्या संदर्भात लिहून ठेवला होता. त्यांनी अशा ऑब्जेक्टना काल्पनिक म्हटलं. क्वेरीतून आलेल्या प्रत्येक वेगळ्या किमतींच्या संचाला एक ओळख बांधायची, आणि तोच संच पुन्हा आला की तीच ओळख परत द्यायची. म्हणजे ओळख हे एक फंक्शन. आम्ही एक कायमस्वरूपी तक्ता ठेवला: डावीकडे किमतींचा संच, उजवीकडे ओआयडी. रात्री व्ह्यू ताजा होताना आधी तक्त्यात बघायचं, नसेल तरच नवा ओआयडी. मॅडमचे सहा शेरे आम्ही हाताने योग्य जोड्यांना बांधून दिले आणि माफी मागितली.

आठवडाभर सगळं शांत. मग पुरवठादारांनी दर बदलले आणि पुन्हा फोन. या वेळी सगळे शेरे गेले नव्हते, ज्या जोड्यांचे दर बदलले तेवढ्यांचेच गेले होते. मला ते ऐकूनच कळलं काय झालंय, आणि खुर्चीत बसल्या बसल्या कान गरम झाले. आम्ही संचात पार्ट, पुरवठादार, दर आणि दिवस अशी चारही अ‍ॅट्रिब्यूट घातली होती. दर बदलला की संच वेगळा, संच वेगळा की ओळख वेगळी. फंक्शन अगदी इमानदारीने काम करत होतं.

व्याख्या मग अशी झाली:

व्ह्यू-क्लास पुरवठाजोडी
कोठून: क हे कोटेशन
गाभा: क.पार्ट, क.पुरवठादार
काढलेलं: चालू दर = या गाभ्याच्या सर्वांत ताज्या कोटेशनचा दर
काढलेलं: दिवस = त्याच कोटेशनचे दिवस

'गाभा' या ओळीत जे आहे त्यावरून ओळख ठरते. बाकीचं सगळं ओळख ठरल्यावर तिच्यावरून काढलेलं, आणि म्हणून ते खुशाल बदलावं. ओरॅकल ८ मध्ये, म्हणजे १९९७ साली, टेबलांवर ऑब्जेक्ट व्ह्यू करायची सोय आली तेव्हा तिथेही व्याख्येत वेगळं सांगावं लागायचं की कोणत्या कॉलमवरून ओआयडी बनवायचा. उलट दिशेने येऊन तेही याच चौकात पोचले होते.

गाभ्यात काय घालायचं हे कोडवरून कळत नाही. आम्ही खरेदीवाल्यांना एकच प्रश्न विचारायला लागलो: "काय बदललं म्हणजे तुम्ही म्हणाल की ही आता वेगळी जोडी झाली?" दर बदलला तर? "छे, जोडी तीच, दर वाढवला त्यांनी." माल दुसऱ्या गोदामातून यायला लागला तर? "तरी तीच." पार्टचं ड्रॉइंग सुधारलं तर? इथे मॅडम थांबल्या. "किरकोळ सुधारणा असेल तर तीच. पण फिटिंग बदललं तर आम्ही पुन्हा नमुने मागवतो… मग वेगळी म्हणावी लागेल." या उत्तरामुळे आम्हाला डिझाइनवाल्यांकडे जावं लागलं आणि पार्टच्या आवृत्त्यांमध्ये 'अदलाबदल चालते का' हे अ‍ॅट्रिब्यूट आधीपासून आहे हे कळलं. ते नसतं तर जोडीचा गाभा लिहिताच आला नसता.

आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याचं मत वेगळं होतं, आणि ते अजूनही मला पूर्णपणे खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, "ज्याच्यावर लोक शेरे लिहितात, ज्याला बंद-चालू करतात, ज्याची ओळख तुम्ही तक्त्यात जपून ठेवता, तो व्ह्यू कसला? तो क्लासच आहे. सरळ 'जोडी' क्लास करा, कोटेशनांना त्याखाली टांगा." तक्ता म्हणजे क्लासचा सांगाडाच, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही ऐकलं नाही त्याचं कारण व्यवहाराचं: कोटेशनचा क्लास तीन जुने प्रोग्रॅम लिहीत होते, त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, आणि जोडी कोटेशनांवरूनच निघत असल्याने ते प्रोग्रॅम न बदलता ती नेहमी ताजी राहत होती. पुढे केलेल्या इतर चार काल्पनिक व्ह्यूंपैकी दोन मात्र आम्ही त्याच्या म्हणण्याप्रमाणे खरे क्लास करून टाकले.

बदल खाली उतरवताना

सर्व्हिससारख्या व्ह्यूत, जिथे ऑब्जेक्ट तोच असतो, अपडेट जवळजवळ फुकट मिळतं. शोल, लाश आणि ट्रेश यांनी १९९१ मध्ये नेमका हा फायदा दाखवला होता: ओळख जपणाऱ्या व्ह्यूमधून बदल केला की तो मूळ ऑब्जेक्टवरच होतो, भाषांतर लागतच नाही. टेबलांच्या जगातला निम्मा गोंधळ इथे गायब. उरतात ते काठावरचे प्रश्न. 'बंद होत आलेले पार्ट' मधून एखादा पार्ट डिलीट केला तर त्याला डेटाबेसमधून काढायचं की फक्त या यादीतून? आम्ही दोन वेगळी बटणं दिली, 'यादीतून काढा' आणि 'नष्ट करा', आणि पहिलं या व्ह्यूत बंदच ठेवलं, कारण यादी शेवटच्या उत्पादन-तारखेवरून बनते. यादीतून काढायचं म्हणजे तारीख खोटी करायची. व्ह्यूमधून केलेल्या बदलाने ऑब्जेक्ट व्ह्यूबाहेर घसरत असेल तर आम्ही बदल नाकारतो, टेबलांच्या एसक्यूएल या क्वेरी-भाषेतल्या चेक ऑप्शनसारखा.

जोडीचा दर बदलणं मात्र खरोखर अनुवादाचं काम. 'चालू दर' च्या रकान्यात नवा आकडा टाकला तर खाली काय व्हावं? ताज्या कोटेशनमधला दर खोडायचा, की आजच्या तारखेचं नवं कोटेशन तयार करायचं? दोन्ही मार्गांनी व्ह्यूत तोच आकडा दिसेल. बान्सिलोन–स्पिराटोस यांचा प्रश्न इथे मूर्तिमंत उभा राहतो: न दिसणाऱ्या भागातलं काय शाबूत राहायला हवं? मॅडमचं उत्तर ताबडतोब आलं. "जुनं कोटेशन पुरवठादाराने सही करून दिलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही." म्हणजे जुनी कोटेशनं शाबूत, आणि बदल म्हणजे नव्या कोटेशनची भर. तेवढं एका मेथडमध्ये हाताने लिहिलं. त्यावर माझं मत असं बनलं आहे की काल्पनिक ऑब्जेक्टच्या अपडेटसाठी सर्वसाधारण नियम शोधत बसू नये. व्ह्यू लिहिणाऱ्याने वापरणाऱ्याला विचारावं आणि उत्तर कोडमध्ये घालावं. जिथे विचारलेलं नाही तिथे अपडेट बंद.

एक प्रश्न उरला होता तक्त्याच्या साफसफाईचा. एखाद्या जोडीची सगळी कोटेशनं मुदतीबाहेर गेली की जोडी व्ह्यूतून नाहीशी होते. तक्त्यातली तिची ओळ पुसायची का? माझा हात पुसण्याकडेच होता. मग वर्षभराने तोच पुरवठादार तोच पार्ट घेऊन परत आला तर? मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी निकृष्ट माल दिला होता हा शेरा मला तेव्हाच तर हवा असतो!" तक्ता आम्ही कधीच पुसत नाही.

पुढच्या वर्षी कंपनीने 'पुरवठादार' क्लास मोडून त्याचे 'कंपनी' आणि 'शाखा' असे दोन केले. जुन्या प्रोग्रॅमसाठी आम्ही जुना पुरवठादार व्ह्यू म्हणून परत उभा केला, तो ओळख जपणारा असल्याने बिनबोभाट चालला. जोडीच्या गाभ्यात मात्र आता पुरवठादाराऐवजी शाखा यायला हवी होती, कारण दर शाखेगणिक वेगळे मिळायला लागले होते. एका जुन्या जोडीच्या तीन झाल्या. तिच्यावरचे शेरे कोणाकडे जावेत? तक्त्याला आम्ही आणखी एक रकाना जोडला, 'आधीची ओळख', आणि तिन्ही नव्या जोड्यांना त्यात जुना ओआयडी लिहिला. जुने शेरे आता तिघींवर दिसतात, थोड्या फिक्या रंगात. मॅडमनी पाहिलं आणि विचारलं, "हा शेरा नेमका कोणत्या शाखेबद्दल होता?" तो त्यांनीच लिहिलेला होता, पण तेव्हा शाखा नव्हत्या.